आप्पाची सही

सांगली,
23 नोव्हेंबर 2025

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

फोनच करणार होतो. पण फोनवर तू मला अर्ध्यावर तोडतोस, मग माझा आवाज चढतो, मग आपण दोघं 1979 च्या त्या कालव्यावर जाऊन भांडत बसतो आणि ज्यासाठी फोन केला ते राहूनच जातं. पत्रात तुला मधे बोलता येत नाही. शेवटपर्यंत वाच आणि मग फोन कर.

इकडे सगळं ठीक. साखर आटोक्यात आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्याचं उन्हाळ्याआधी उरकून घेईन. हिची पाठ अधूनमधून धरते. हयातीचा दाखला देऊन झाला.

आप्पाबद्दल लिहायचं आहे.

मास्तर स्मरणिका काढतोय हे तुला ग्रुपवर कळलंच असेल. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून बाहेर पडून आपल्याला 2026 मध्ये 50 वर्षं होतात, म्हणून प्रत्येकाने आपली माहिती द्यायची आहे. कुठे कुठे नोकरी केली, कधी निवृत्त झालो, आता काय करतो. इकडच्या मंडळींची माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. पैलवानाने चार पानं पाठवली, त्यातली तीन नातवाच्या कॅनडातल्या शाळेबद्दल आहेत. मास्तर कात्री घेऊन बसला होता, मी म्हटलं हात लावू नकोस, पैलवानाने आयुष्यात पहिल्यांदाच एवढं लिहिलंय. काही नावांपुढे नुसत्या तारखाच लिहायच्या आहेत, ते काम मी मास्तरवर सोडलं आहे.

तर या माहितीसाठी मी आप्पाला फोन केला. तो म्हणाला, "लिही, स्ट्रक्चरल ऑडिटर. अजून काम करतो." बापू, त्याचा आवाज इतका उजळलेला मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. वहिनींना पार्किन्सन्स झाल्यापासून तो फोनवर हो-नाही एवढंच बोलायचा. मला इतकं बरं वाटलं की मी हिला आतून बोलावून फोन दिला. मग तोच म्हणाला, तूही ये आमच्याकडे. निवृत्त अधीक्षक अभियंता असं लेटरहेडवर आलं की कामं आपोआप येतात. घरी बसून काय करतोस?

त्याचं म्हणणं खोटं नाही. तीस वर्षांवरच्या इमारतींना ऑडिट लागतं हे आता सगळ्यांना माहीत झालं आहे. मुंबई महापालिकेच्या कायद्यात त्यासाठी 353-ब कलम आहे. सोसायट्यांच्या उपविधींतसुद्धा इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी तपासणी लिहिलेली आहे. नियम चांगलाच आहे. आपण नोकरीला लागलो तेव्हा एकदा बांधलं की पडेपर्यंत कोणी वर बघत नसे. आता निदान बघायला माणसं लागतात, आणि आपल्या वयाच्या माणसाला ते काम जमण्यासारखं आहे, असं मला खरंच वाटलं होतं. म्हणून गेलो.

ऑफिस छान. मालक तरुण, अदबीने बोलणारा, चहा स्वतः उठून दिला. म्हणाला, "साहेब, तुम्ही साइटवर यायचं नाही. मुलं जातात, रीडिंग घेतात, रिपोर्ट टाइप होतो. तुम्ही नजर टाकायची आणि सही करायची." रक्कम लिहीत नाही, पण महिन्याला जे देऊ केलं ते आप्पाच्या वर्षाच्या पेन्शनपेक्षा जास्त होतं. नमुना म्हणून त्याने एक रिपोर्ट समोर ठेवला. एका नगरपरिषदेची पाण्याची उंच टाकी, दोन लाख लिटरची, चाळीस वर्षं जुनी. शेवटच्या पानावर आप्पाची सही. तीच, तिरकी, खाली दोन टिंबं देऊन केलेली.

मी रिपोर्ट चाळला आणि मला बसवेना. काँक्रीटचा कडकपणा मोजायच्या हॅमरचे आकडे 38, 39, 38, 40, 39. खालच्या कॉलमलाही तेच आणि वरच्या ब्रेसलाही, म्हणजे कॉलम जोडणाऱ्या आडव्या बीमलाही, तेच. जुन्या काँक्रीटचे आकडे असे रांगेत कधी उभे राहतात का रे? एकाच कॉलमवर वीत-वीत अंतरावर फरक पडतो. अल्ट्रासॉनिक चाचणी नाही, काँक्रीट कापून काढलेला नमुना, कोअर, तर एकही नाही. कार्बोनेशन दाखवणाऱ्या फेनॉल्फ्थॅलिनची साधी बाटलीसुद्धा कोणी नेलेली नव्हती. नुसता हॅमर, आणि निष्कर्षात "किरकोळ दुरुस्ती करून वापरास योग्य". वरून हवा लागून कार्बोनेट झालेलं जुनं काँक्रीट हॅमरला कडक लागतं, आकडा फुगून येतो, आतली सळई मात्र तोवर गंजायला लागलेली असते. हे आप्पाला माहीत नाही? आपल्या वर्गात काँक्रीटचं कळायचं ते त्यालाच.

मालकाला मी त्याच वेळी नाही म्हणून सांगितलं. तो अजिबात रागावला नाही. "काही हरकत नाही साहेब, आमचे दुसरे साहेब आहेतच," असं म्हणाला आणि मला दारापर्यंत सोडायला आला. दुसरे साहेब म्हणजे आप्पा.

मग मी ती टाकी बघायला गेलो. तू मस्कतहून आणलेली दुर्बीण घेऊन गेलो, तिचा इतका उपयोग कधी झाला नव्हता. टाकीच्या पलीकडे शाळा आहे. कुंपण पडलेलं, त्यामुळे मधल्या सुट्टीत पोरं टाकीखालच्या सावलीतच खेळतात. आता नीट वाच. हॅमर मारण्याआधी कार्बोरंडमचा दगड घासून जागा गुळगुळीत करतात, त्या घासलेल्या खुणा कॉलमवर आहेत. पण कुठपर्यंत? जमिनीवर उभं राहून माणसाचा हात पोचतो तिथपर्यंत. त्याच्या वर एकही खूण नाही. दुर्बिणीतून मी सगळे ब्रेस चारही बाजूंनी फिरून पाहिले. दगड लागलेलाच नाही. आणि रिपोर्टमध्ये मात्र वरच्या दोन्ही ब्रेसची रीडिंग व्यवस्थित तक्ता करून छापली आहेत.

खालच्या रिंग बीमचं कव्हर, म्हणजे सळयांवरचं काँक्रीट, सुटून पडलंय. सळया उघड्या आहेत आणि दोन ठिकाणी रिंगा खाऊन गेल्यात. वरच्या घुमटाची आतली बाजू तर कोणी बघितलीच नसणार. क्लोरिनची वाफ तिथेच साठते, टाकी वरून कुजायला लागते हे आपल्याला खात्याने पहिल्याच पावसाळ्यात शिकवलं होतं. दोन लाख लिटर म्हणजे दोनशे टन, बापू. त्याच्या खाली पोरं लपाछपी खेळत होती.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

मुंबईत 14 मार्च 2019 ला सीएसएमटीजवळचा पादचारी पूल संध्याकाळच्या गर्दीत पडला, तेव्हा तू मला फोन केला होतास. त्या पुलाचं ऑडिट आधी झालेलं होतं आणि किरकोळ दुरुस्तीवर तो चालेल असा शेरा होता. ऑडिट करणाऱ्याला अटक झाली. तू त्या दिवशी किती बोललास! सही करणाऱ्याला सोडू नका, ज्याने न बघता लिहिलं त्याला पहिला धरा. मी तुझ्याशी पूर्ण सहमत होतो आणि आजही आहे. फक्त आता त्या जागी आप्पाचा चेहरा येतो. बहात्तरीला आलेला, दोन्ही गुडघे गेलेला आप्पा पोलिसांच्या गाडीत. आणि तो चेहरा डोळ्यासमोरून जात नाही तोवर त्या पोरांचे चेहरे येतात.

तुला कॉलेजातलं ते लेव्हलिंग, जमिनीच्या उंच्या मोजायचं काम, आठवतं का? कृष्णेच्या काठाकाठाने आपला गट निघाला होता आणि संध्याकाळी लेव्हल्स बेंचमार्कला, म्हणजे ठरलेल्या उंचीच्या खुणेला, जुळेनात. बाकीच्या गटांनी फील्ड बुकात चार आकडे इकडचे तिकडे करून जुळवून टाकले आणि मेसला गेले. आप्पा एकटा उठला. डंपी लेव्हल खांद्यावर घेतली आणि म्हणाला, पुन्हा पहिल्यापासून. तुला नि मला शिव्या देत जावं लागलं. (तू स्टाफची लांब पट्टी धरून उभ्या-उभ्या झोपलास आणि तो पलीकडून हात हलवून दमला, हे तू अजून कबूल करत नाहीस. मी साक्षीदार आहे.) अंधार पडेपर्यंत आपण मोजत होतो. शेवटी चूक सापडली तेव्हा तो कसा हसला होता! हा माणूस आज न बघितलेल्या ब्रेसची रीडिंग सही करून देतो. हे मी मास्तरला सांगू शकत नाही, पैलवानाला नाही, घरात तर नाहीच. त्या काठावर त्याच्याबरोबर आपण दोघंच होतो.

मी त्याला फोन केला. भांडायला नाही, नुसतं विचारायला. म्हटलं, आप्पा, टाकी बघितलीस का रे तू? थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "शिडी चढवत नाही आता. मुलं जातात वर." म्हटलं, मुलं गेलेली नाहीत. तर म्हणाला, "तुला पेन्शन आहे, दिनू."

याच्यावर काय बोलायचं ते तू मला सांग. खरंच आहे ते. मी 2012 ला निवृत्त झालो, सहा महिन्यांनी महागाई भत्ता वाढतो, विकलेली पेन्शनसुद्धा पंधरा वर्षं भरली की 2027 ला पुन्हा पूर्ण मिळायला लागेल. आप्पाने माझ्याइतकीच वर्षं उन्हात काढली. पण खासगी कंपन्यांत काढली, एक बंद पडली की दुसरी. त्याच्या हातात काय आहे? 95 ची पेन्शन, पीएफ खात्याच्या 1995 च्या योजनेतली. त्या वेळी पगार कितीही असला तरी हिशेब साडेसहा हजारांवर धरायचा, त्याला 95 पासूनच्या नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि सत्तरने भागायचं. महिन्याला दोन हजारांच्या आसपास येतात, आणि जे 2012 ला ठरलं तेच आज, भत्ता म्हणून एक रुपया वाढलेला नाही. वहिनींसाठी दिवसाची एक आणि रात्रीची एक अशा दोन बायका ठेवाव्या लागतात. हिशेब तूच कर. धरणं, पूल, कारखान्यांच्या शेड बांधलेल्या माणसाला म्हातारपणी दोन हजार, ही गोष्ट मला टाकीच्या गंजक्या सळईइतकीच टोचते.

पण म्हणून सही चालेल का? नाही चालणार. इथे मी तुझ्याच बाजूला आहे.

आणि हो, 1979 बद्दलही आत्ताच लिहून टाकतो, कारण तू फोनवर तेच काढणार. त्या कालव्यावरच्या जलसेतूच्या पिअरचे, म्हणजे खांबाचे, अठ्ठावीस दिवसांचे क्यूब (काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे) फेल गेले आणि साहेबांनी दुसरे आकडे लिहायला सांगितले, तेव्हा तू राजीनामा फेकलास. मी राहिलो. तू मला त्यानंतर दोन वर्षं पत्र लिहिलं नाहीस. मी तेव्हाही म्हणत होतो आणि अजून म्हणतो: आपण दोघंही निघून गेलो असतो तर तो पिअर आज तसाच उभा असता. साइट ऑर्डर बुकात शेरा लिहिणारा कोणीतरी तिथे राहायला हवा होता. शेरा लिहिला, बदली झाली, आणि तू गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात तो पिअर फोडला. फोडतानाचा फोटो माझ्याकडे आहे, तुला दाखवलाय. तू म्हणतोस मी राजीनामा दिला म्हणून साहेब हादरले. असेल. आपण दोघांनी मिळून तो पाडला असं धरू, पण "तू राहिलास" हे वाक्य यापुढे बंद.

हे आज काढायचं कारण एवढंच की या वेळीही नुसतं नाही म्हणून बाहेर पडल्याने भागत नाही. मी सही केली नाही, माझे हात स्वच्छ, आणि टाकी तशीच भरतेय, असं मला घरी बसून सहन होत नाही. तू नारायण पेठेत सात वर्षांचा असताना पानशेतचं पाणी पाहिलंस. तुझी आई शेवटपर्यंत 12 जुलै आला की घरातले कागद माळ्यावर नेऊन ठेवायची. त्या घरात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

एक गोष्ट केली. नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्याला एक तरुण मुलगी अभियंता आहे, तिला जाऊन भेटलो. आप्पाचं नाव काढलं नाही. म्हटलं, मी निवृत्त माणूस, येता-जाता बघितलं, मला टाकी बरी वाटत नाही. ती स्वतः माझ्याबरोबर आली, पदर खोचून शिडी चढली, दुसऱ्या ब्रेसपर्यंत गेली आणि खाली आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. मी कोअरचं काढलं तर तिला पाठ होतं, तीन कोअरच्या ताकदीची सरासरी ठरलेल्या ग्रेडच्या 85 टक्के हवी आणि एकही 75 च्या खाली नको. फार बरं वाटलं रे. तिने व्हॉल्व्हवाल्याला बोलावून टाकी निम्मीच भरायला सांगितलं आणि शाळेच्या हेडमास्तरांना भेटून पोरांना तिकडे जायला बंदी करवली. पण हे सगळं तोंडी आहे. उन्हाळा आला की पाण्याची ओरड होईल, कोणीतरी वरून फोन करेल आणि टाकी पुन्हा काठोकाठ भरेल, कारण कागदावर ती "वापरास योग्य" आहे. तो कागद आप्पाचा आहे. ती मला म्हणाली, "सर, लेखी द्या, मग मला फाइल पुढे नेता येईल."

लेखी द्यायचं म्हणजे मुख्याधिकाऱ्यांना अर्ज, त्यात वरच्या ब्रेसवर चाचणी झालेलीच नाही हे स्पष्ट लिहायचं, फोटो जोडायचे. अर्ज तयार आहे. माझ्या टेबलावर आहे. तो गेला की पहिला प्रश्न आप्पाला विचारला जाईल. त्या मालकाला कोणी विचारणार नाही, कारण मालकाची सही कुठेच नाही. रीडिंग लिहिणारी पोरं सहा महिन्यांत दुसऱ्या नोकरीवर जातील. उरतो आप्पा.

रात्री मी असं बोलायचं ठरवतो, तसं बोलायचं ठरवतो. त्याने स्वतःच पत्र दिलं की माझा रिपोर्ट मागे घेतो, पुन्हा चाचण्या करा, कोअर काढा, तर गोष्ट खूप वेगळी होईल. चूक दाखवली म्हणून इंजिनिअरला कोणी आत टाकत नाही, लपवली म्हणून टाकतात. आणि त्याने केलेल्या बाकीच्या रिपोर्टांचं काय? हा एकच असेल असं मला वाटत नाही. तेही त्यालाच आठवून काढावे लागतील. हे सगळं त्याला सांगणारा मी नको. मी बोललो की त्याला माझी पेन्शन दिसते, त्याच्या पुढचं ऐकू येत नाही. तुला पेन्शन नाही. तू राजीनामा देऊन गेलास आणि बत्तीस वर्षं वाळवंटात राबून जमवलंस, हे त्याने बघितलंय. तुझं तो ऐकेल. हॉस्टेलवरही तो तुझंच ऐकायचा, मला फक्त नोट्स द्यायचा.

पैशाचंही बघावं लागेल, नुसता उपदेश घेऊन जायचं नाही. त्या मुलीने विचारलं होतं की तिच्या ज्युनिअरना साइटवर शिकवायला कोणी अनुभवी माणूस मिळेल का. शिडी न चढता रीडिंग वाचायला, खोटी रीडिंग ओळखायला आप्पासारखा दुसरा कोण आहे? मानधन त्या ऑफिसइतकं मिळणार नाही. उरलेलं आपण पाच-सहा जणांनी वाटून घ्यावं असं माझ्या मनात आहे, आणि ते त्याला कळू न देता वहिनींच्या बाईच्या पगारात घालावं. पैलवान तयार होईल. मास्तरही होईल. स्मरणिकेला जाहिराती मिळवण्यापेक्षा हे सोपं आहे. तू यात नाही म्हणालास तर मी परत कधी पत्र लिहिणार नाही, आणि या वेळी दोन वर्षांनी समेट होणार नाही.

स्मरणिकेत त्याच्या नावापुढची ओळ मी अजून कोरी ठेवली आहे. मास्तर रोज मागतो, मी उद्या देतो म्हणतो.

बाकी तुझं काय? गुडघ्याचं ऑपरेशन डिसेंबरमध्ये करणार होतास, ते पुढे ढकललंस असं वहिनी हिला म्हणाल्या. ढकलू नकोस. धाकटीने घर बदललं ना, पत्ता पाठव. नातीचं बारावीचं वर्ष, तिला सिव्हिल घेऊ नको म्हणून सांगत असशील तर माझ्याशी बोलणं करून दे. तू लिहितोयस त्या मस्कतच्या आठवणींची दोन प्रकरणं मिळाली, वाचली, आवडली. सविस्तर नंतर लिहीन.

पंधरा दिवसांच्या आत ये. गाडी स्वतः चालवत येऊ नकोस, सकाळची रेल्वे धर, मी स्टेशनवर येतो. आप्पाला मी एवढंच कळवणार आहे की बापू येतोय आणि आपण तिघं जेवायला बसतोय. जेवण झालं की तिघं मिळून टाकीवर जाऊ, तो खालूनच बघेल, त्याला दुर्बीण देऊ. मुख्याधिकाऱ्यांची वेळ मी त्याच्या दुसऱ्या दिवसाची मागून ठेवतो. तू आला नाहीस तरी अर्ज त्या दिवशी जाणार, हे तुला आधीच सांगून ठेवतो. तारीख लगेच कळव.

तुझा,
दिनू

ता. क. त्या टाकीचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतोय. ग्रुपवर नाही, फक्त तुला. चुकून पुढे पाठवू नकोस. मागच्या वेळी तू पैलवानाचा एक्स-रे सगळ्या बॅचला पाठवला होतास.